जपून ठेवलेली जीटी३ घ्यावी की ट्रॅकवर पळवलेली? किमतीचा आणि फेरविक्रीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. समोर दोन पोर्शे ९११ जीटी३ आहेत, दोन्ही २०१८ च्या, दोन्ही मॅन्युअल गिअरच्या. पहिली ९,००० किलोमीटर चाललेली, ट्रॅकवर कधीच न गेलेली. दुसरी ३४,००० किलोमीटर चाललेली, मालकाने दरवर्षी ट्रॅकवर नेलेली, आणि पहिलीपेक्षा साधारण २० टक्क्यांनी स्वस्त. घेणाऱ्याला वर्षाला पाच-सहा ट्रॅक-डे (स्वतःची गाडी रेसट्रॅकवर चालवण्याचे दिवस) करायचे आहेत आणि पाचेक वर्षांनी गाडी विकायची आहे. कुठल्या गाडीत पैसे कमी बुडतील?

माझं उत्तर: दुसरी. पुढे सांगतो त्या तपासणीत ती टिकली, तर बिनधास्त दुसरी. पहिल्या गाडीत खोट काहीच नाही. पण तिच्या किमतीतला एक मोठा हिस्सा फक्त ती न चालवल्याबद्दल मोजला जातो, आणि तुम्ही तर चालवायलाच घेताय. तो हिस्सा तुम्ही रोख मोजाल आणि पहिल्या दोन हंगामांतच स्वतःच्या हाताने संपवाल.

मी बरीच वर्षं घेणाऱ्यांच्या वतीने अशा गाड्या तपासतो आणि स्वतःही ट्रॅकवर चालवतो. त्यातून पक्कं झालेलं मत असं की या गाड्यांची किंमत एक आकडा म्हणून पाहिली की माणूस फसतो. तिच्यात तीन वेगवेगळ्या किमती असतात. एक यंत्राची: इंजिन, चासी, ब्रेक, म्हणजे ज्यामुळे गाडी लॅप मारते ते सगळं. दुसरी टंचाईची: किती बनल्या, पुन्हा बनतील का, आणि हव्या तेवढ्या लोकांना मिळाल्या का. तिसरी कोरेपणाची: कमी किलोमीटर, मूळ रंग, सुरकुती न पडलेली सीट. या तिन्ही किमती वेगवेगळ्या कारणांनी वाढतात आणि वेगवेगळ्या कारणांनी बुडतात.

टंचाईची किंमत सगळ्यांत फसवी. २०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर आणली. ९९१ गाड्या, ४ लिटरचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. त्या वेळची जीटी३ आणि जीटी३ आरएस फक्त पीडीके, म्हणजे पोर्शेच्या ऑटोमॅटिक, गिअरबॉक्समध्ये मिळत होती, त्यामुळे पोर्शेच्या जीटी विभागाचं इंजिन आणि तीन पेडल, म्हणजे मॅन्युअल, एकत्र हवी असतील तर नवी गाडी एकच होती. अमेरिकेत तिची यादीतली किंमत १,८४,९०० डॉलर होती आणि काही महिन्यांतच लोक तिच्या कितीतरी पट मागू लागले. मग मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी जीटी३ आली, आणि ती मॅन्युअलमध्येही मिळणार होती. आरचे भाव तिथून खाली आले. यादीतल्या किमतीखाली ती कधी गेली नाही, पण शिखरावर घेतलेल्यांचे पैसे गेले. त्यांची गाडी एका स्क्रूनेही बदलली नव्हती. कारखान्याने एक पर्याय पुन्हा द्यायला सुरुवात केली, एवढंच. म्हणून कुठल्याही गाडीच्या वाढीव भावाकडे पाहताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की कंपनीने मनात आणलं तर ही टंचाई उद्या संपेल का. उत्तर 'हो' असेल तर त्या भावाला पाया नाही.

कंपन्यांनाही हा खेळ माहीत आहे आणि त्यांना तो नको असतो, कारण नफा मधला माणूस नेतो आणि खरा चालवणारा रांगेतच राहतो. फोर्डने २०१७ च्या जीटीसाठी करारातच दोन वर्षं न विकण्याची अट घातली होती. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीनाने ती लवकर विकली म्हणून फोर्डने त्याच्यावर दावा लावला, आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. पोर्शेने २०२३ च्या ९११ एस/टीसाठी, जिच्या १,९६३ गाड्या ठरल्या होत्या, अमेरिकेत पहिलं वर्ष गाडी लीजवरच देण्याचा मार्ग काढला, म्हणजे वर्षभर ती विकताच येऊ नये. अशा अटी दिसल्या की समजावं, यादीतली किंमत आणि बाजारभाव यांच्यात मोठी फट आहे. ती फट भरण्याचं काम तुमच्या पैशाने होऊ देऊ नका.

यंत्राची किंमत याच्या उलट वागते. ती हळू चढते आणि टिकते, पण आधी बऱ्याचदा खाली जाऊन येते. बीएमडब्ल्यूची २००३ ची एम३ सीएसएल घ्या. १,३८३ गाड्या, कार्बनचं छत, साध्या एम३पेक्षा ११० किलोने हलकी, ३६० अश्वशक्ती. पण गिअरबॉक्स फक्त एसएमजी, म्हणजे हायड्रॉलिकने क्लच दाबणारा, आणि तो अनेकांना आवडत नव्हता. नंतरच्या काळात ती नव्या किमतीच्या बरीच खाली मिळत होती. आज ती नव्या किमतीच्या वर आहे. मधल्या काळात गाडीत काहीच सुधारलं नाही. लोकांना कळलं की तसा आवाज, तसं वजन आणि तसं स्टीअरिंग पुन्हा येणार नाही. रेनोच्या २००८ च्या मेगान आर२६.आरचंही तेच. मागची सीट काढलेली, मागच्या काचांऐवजी पॉलिकार्बोनेट, ४५० गाड्या. नवी असताना ब्रिटनमध्ये तर ठरवल्या तितक्याही खपल्या नाहीत, आणि आज जाणकार ती शोधत फिरतात.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे: मागणी आली ती चालवणाऱ्यांकडून. म्हणून टिकणाऱ्या किमतीचे माझे निकष यांत्रिक आहेत. टर्बो नसलेलं, वर फिरणारं इंजिन. मॅन्युअल गिअर, किंवा त्या काळातला उत्तम ऑटोमॅटिक. कमी वजन. रेसिंगशी खरं नातं. आणि पुढच्या पिढीत या गोष्टी नाहीशा होण्याची शक्यता. फेरारी ४५८ स्पेचालेनंतर ४८८ ला टर्बो आले, आणि स्पेचालेला तिथेच बळ मिळालं. ९११ च्या आधीच्या ९९७ पिढीतल्या जीटी३ चा भाव तिच्या मेत्सगर इंजिनामुळे (हे नाव अभियंता हान्स मेत्सगरवरून) टिकतो, कारण ते इंजिन ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या ९११ जीटी१ च्या घराण्यातलं आहे. याउलट मॅक्लारेनच्या गाड्या ट्रॅकवर अप्रतिम असूनही पहिल्या काही वर्षांत जोरात उतरतात. एका पाठोपाठ एक मॉडेल आलं की कालचं मॉडेल लगेच जुनं वाटतं, आणि वॉरंटी संपल्यावरच्या खर्चाची भीती गिऱ्हाइकाला लांब ठेवते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हीच संधी आहे. पहिल्या मालकाने घसरण सोसलेली ६७५ एलटी, कंपनीची वॉरंटी वाढवून मिळत असेल तर, पैशाच्या मानाने देते ते थोड्याच गाड्या देतात.

तुमच्या दोन्ही जीटी३ यंत्राच्या बाजूने भक्कम आहेत. ४ लिटर, ५०० अश्वशक्ती, ९,००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन, आणि मॅन्युअल. याच पिढीची आधीची आवृत्ती घ्यायची असती तर मी जास्त सावध झालो असतो. २०१४ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमुळे दोन गाड्यांना आग लागली आणि पोर्शेने तोवर बनलेल्या सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलली. पुढे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या फॉलोअरची झीज निघाली आणि कंपनीने इंजिनाची वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवली. ती मुदत आता संपत आली आहे किंवा संपली आहे, म्हणून त्या गाड्या स्वस्त दिसतात. २०१७ नंतरच्या ४ लिटर इंजिनात व्हॉल्व्हजवळची फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक लिफ्टरच काढून टाकले आहेत, त्यामुळे ती चिंता तुमच्या दोन्ही गाड्यांना नाही.

आता मुख्य हिशेब. पहिल्या गाडीची किंमत १०० धरू, दुसरीची ८०. वर्षाला ५,००० किलोमीटर, त्यात ट्रॅक-डे. पाच वर्षांनी पहिली गाडी ३४,००० किलोमीटर चाललेली, ट्रॅकवर नियमित गेलेली जीटी३ असेल. म्हणजे नेमकी आजची दुसरी गाडी. बाजार जिथल्या तिथे राहिला तर तिला ८० मिळतील. तोटा २०. दुसरी गाडी तोवर ५९,००० वर जाईल. आकडा जास्त वाटेल, पण किलोमीटरमागे होणारी घसरण सुरुवातीला तीव्र असते आणि पुढे मंदावते. ९,००० ची ३४,००० होताना जो धक्का बसतो तो ३४,००० ची ५९,००० होताना बसत नाही, कारण कोरेपणासाठी पैसे मोजणारा गिऱ्हाईक आधीच निघून गेलेला असतो आणि उरतो तो चालवणारा. तिला ७१ मिळतील असं धरतो. तोटा ९.

बाजार १५ टक्के पडला तर? पहिली ६८ ला जाईल, तोटा ३२. दुसरी ६० ला, तोटा २०. बाजार १५ टक्के वाढला तर पहिली ९२ ला, तरीही तोटा ८, आणि दुसरी ८२ च्या आसपास, म्हणजे दोनेक टक्के हातात. तिन्ही वेळी दुसरी गाडी दहा-बाराने पुढे राहते, शिवाय २० ची रक्कम पाच वर्षं तुमच्याकडे मोकळी असते. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून हिशेब पुन्हा मांडा. निष्कर्ष उलटायचा असेल तर दुसऱ्या गाडीत दहा-बारापेक्षा जास्त खर्चाची काहीतरी खोट निघावी लागेल. म्हणूनच पुढची तपासणी महत्त्वाची.

मॅन्युअल जीटी३ मध्ये सुरुवात इंजिनाच्या संगणकातल्या ओव्हर-रेव्ह नोंदींपासून करा. पोर्शेचा संगणक इंजिन मर्यादेच्या आसपास आणि वर किती फिरलं याची पट्ट्यापट्ट्यांत नोंद ठेवतो, एकपासून सहापर्यंत. प्रत्येक पट्टीत किती ठिणग्या पडल्या आणि शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली, दोन्ही दिसतं. खालच्या पट्ट्या लिमिटरला, म्हणजे इंजिनाला मर्यादेवर रोखणाऱ्या यंत्रणेला, टेकूनही भरतात, आणि ट्रॅकवरच्या गाडीत त्या भरलेल्या असणारच. त्यांना घाबरू नका. चौथ्या पट्टीपासून वर मात्र एक्सलरेटर दाबून पोहोचता येत नाही, कारण लिमिटर इंधन तोडतो. तिथे पोहोचायचा एकच रस्ता आहे: वेगात असताना चुकून खालचा गिअर पडणं, म्हणजे पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात, आणि मग चाकंच इंजिनाला फरफटत वर नेतात. व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि रॉडच्या बोल्टवर खरा घाव तेव्हा बसतो.

आकडा कसा वाचायचा तेही सांगतो, कारण अनेक जण मोठा आकडा बघून उगाच पळतात. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीत तीन ठिणग्या पडतात. ९,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, म्हणजे ४५० ठिणग्या. पहिल्या पट्टीत ९,००० चा आकडा दिसला तर तो सगळ्या आयुष्यात मिळून २० सेकंदांचा आहे. उलट पाचव्या पट्टीत शंभरचा आकडा म्हणजे जेमतेम पाव सेकंद, पण तो पाव सेकंद धोक्याचा. मग तासाची नोंद बघायची. शेवटची घटना ३०० व्या तासाला झाली आणि आता मीटर ७०० वर आहे, म्हणजे त्यानंतर ४०० तास इंजिन नीट चाललं. मोडायचं असतं तर बहुधा मोडलं असतं. घटना ६९० व्या तासाला झाली असेल आणि लगेच गाडी विकायला निघाली असेल, तर तिथून उठा. आणखी एक गोष्ट: वरच्या पट्ट्यांत नोंदी असतील तर पोर्शेची मान्यताप्राप्त वापरलेल्या गाड्यांची वॉरंटी अडू शकते, आणि तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचा गिऱ्हाईकही हाच रिपोर्ट मागेल. इंजिन उत्तम असलं तरी भाव पडतो. पीडीकेच्या गाडीत ही भीती जवळपास नसते, कारण तो चुकीचा खालचा गिअर स्वीकारतच नाही.

त्याच रिपोर्टमधले एकूण तास आणि किलोमीटर यांचा भागाकार करून बघा. ३४,००० किलोमीटर आणि ७०० तास म्हणजे ताशी ४९ चा सरासरी वेग, रस्ता आणि ट्रॅक मिळून पटण्यासारखा. १,४०० तास निघाले तर सरासरी २४ वर येते. मग गाडी गर्दीतच अडकायची की मीटरला हात लागलाय, हे विचारायला हवं.

दुसरी मोठी बाब ब्रेक. सिरॅमिक डिस्क असतील तर जाडी मोजून फार काही कळत नाही. त्या घासून कमी, उष्णतेने जास्त संपतात. आतला कार्बन जळतो, वजन घटतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून डिस्क काढून वजन करायचं आणि मधल्या धातूच्या भागावर कोरलेल्या किमान वजनाशी ताडायचं, किंवा सर्व्हिस सेंटरच्या मापक यंत्राने मोजून घ्यायचं. चारही सिरॅमिक डिस्क बदलायचा खर्च एखाद्या नव्या छोट्या मोटारीएवढा असतो, म्हणजे तुमच्या दहा-बाराच्या फरकातला मोठा वाटा एका फटक्यात जाऊ शकतो. ट्रॅकवर नियमित जाणारे शहाणे मालक सिरॅमिक डिस्क काढून खोक्यात ठेवतात, त्याच व्यासाच्या लोखंडी डिस्क लावून गाडी चालवतात आणि विकताना मूळ परत बसवतात. दुसऱ्या गाडीच्या मालकाने असं केलं असेल तर मी त्याच्याकडून डोळे झाकून इतर गोष्टीही ऐकेन. गाडीला मुळातच लोखंडी डिस्क असतील तर तुमच्या वापरासाठी तेच सर्वांत चांगलं. फक्त भोकांपासून निघणाऱ्या चिरा बघा. बारीक चिरा चालतात. दोन भोकं जोडणारी किंवा कडेला पोहोचलेली चीर असेल तर ती डिस्क संपली.

टायरवर शेवटी चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. गाडीच्या गोष्टीशी ही तारीख जुळते का ते बघा. बाहेरचा खांदा जास्त झिजलेला असेल तर गाडी ट्रॅकवर गेली, पण चाकांचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, ट्रॅकला साजेसा करून घेतला नव्हता. अशा मालकाने बाकी काय सोडलं असेल, हा विचार मनात यावा.

आता सगळ्यांत जास्त फसवणूक जिथे होते ती जागा: अपघात. रस्त्यावरच्या अपघाताची नोंद विमा कंपनीकडे राहते. ट्रॅकवरच्या अपघाताची बहुधा राहत नाही. नेहमीच्या विम्यात ट्रॅकवरचं नुकसान धरलेलं नसतं, मालक खिशातून दुरुस्ती करतो आणि कुठल्याच अहवालात ओळ उमटत नाही. त्यामुळे 'इतिहास स्वच्छ' हा कागद ट्रॅकवर गेलेल्या गाडीबाबत जवळजवळ निरुपयोगी आहे. गाडी लिफ्टवर घ्या. पुढच्या ट्रंकखालचे सांधे, सीलंटच्या रेषा, सस्पेंशनच्या बोल्टवरच्या कारखान्याच्या खुणा बघा. एका बाजूचे आर्म नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असतील तर कारण विचारा. रंगाची जाडी मोजा, पण साधनाची मर्यादा ओळखून. या ९११ चे दरवाजे आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, तिथे फक्त लोखंडावर चालणारं चुंबकी मीटर उपयोगाचं नाही. बंपरसारख्या प्लास्टिकच्या आणि कार्बनच्या भागांवर कुठलंच साधं मीटर चालत नाही. शिवाय संरक्षक फिल्म लावलेली असेल तर तिचीच जाडी रंगाइतकी किंवा जास्त भरते. पुढचा बंपर पुन्हा रंगवलेला असणं हा मी दोष मानत नाही. पुढच्या गाड्यांनी उडवलेले खडे प्रत्येक ट्रॅकच्या गाडीच्या नाकाला लागतात. मागच्या फेंडरला, छताला किंवा दाराच्या चौकटीला दुसरा रंग असेल तर मात्र बिल आणि फोटो हवेत.

ही तपासणी पहिल्या गाडीलाही लावा. 'ट्रॅकवर कधीच नाही' हे विकणाऱ्याचं वाक्य आहे, गाडीचं वाक्य वेगळं असू शकतं. सीटच्या खांद्यावर हार्नेसच्या, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टच्या, पट्ट्यांचे घट्टे, टो हुकच्या झाकणाभोवतीचे ओरखडे, दारावर नंबराच्या स्टिकरची फिकट चौकट, उष्णतेने काळवंडलेले कॅलिपर, चाकांच्या कमानीत चिकटलेले रबराचे गोळे. अशा खुणा असतील तर तुम्ही कोरेपणाचे पैसे मोजून दुसरी गाडीच घेताय, तीही कागदांशिवाय. आणि ती खरंच उभी राहिलेली असेल तरी टायर जुने झालेले असतात, ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी शोषलेलं असतं, सील कोरडे पडायला लागलेले असतात. ट्रॅकवर नेण्याआधी हे सगळं बदलावं लागेल, म्हणजे १०० च्या वर खर्च.

बदल, म्हणजे मॉडिफिकेशन, याबद्दल एवढंच की जे बोल्ट उघडून पूर्वस्थितीत आणता येतं ते किंमत मारत नाही, आणि मूळ भाग हाताशी असतील तर उलट सोय होते. बोल्टने बसणारा मागचा केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), चांगले पॅड, स्टीलच्या ब्रेक लाइन, अलाइनमेंट हे ठीक. वेल्ड केलेला केज, बदललेलं इंजिन ट्यूनिंग, कापलेली ट्रिम यांनी गिऱ्हाईक कमी होतात. अपवाद असतात, आणि ते जाणकाराला माहीत असावेत. ९९७ च्या जीटी३ मध्ये कूलंटच्या पाइपची जोडणी गोंदाने केलेली आहे, ती ट्रॅकवर तापून सुटते आणि कूलंट थेट मागच्या टायरखाली येतं. ती वेल्ड किंवा पिन करून घेतलेली ९९७ मी 'अगदी मूळ अवस्थेतल्या' ९९७ पेक्षा जास्त पैसे देऊन घेईन. पर्यायांमध्ये हलक्या बकेट सीटसाठी आणि नाक उचलणाऱ्या लिफ्टसाठी थोडं जास्त द्या, नंतर बसवणं महाग आणि कटकटीचं असतं. खास मागवलेल्या रंगासाठी तुम्ही देऊ नका. तो पैसा कोरेपणाच्या खात्यातला आहे आणि खडे त्याला ओळखत नाहीत.

विमा वेगळा काढा. ट्रॅक-डेचा विमा दिवसागणिक मिळतो. त्यात गाडीची ठरवलेली रक्कम आणि तुमच्या खिशातून जाणारा पहिला हिस्सा, दोन्ही वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसी जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकचं नाव घेऊन तो वगळतात. आधी पाहिलेल्या हिशेबात एक जोरदार धडक सगळे आकडे पुसून टाकते, म्हणून हा खर्च मी वैकल्पिक धरत नाही.

पहिली गाडी मी कुणाला घ्यायला सांगेन? ज्याला वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर रस्त्यावर फिरायचं आहे, ट्रॅक फक्त क्वचित, आणि गाडी दहा-पंधरा वर्षं ठेवायची आहे त्याला. त्याच्या हातात कोरेपणा टिकतो, म्हणून त्याने त्याचे पैसे मोजणं बरोबर आहे. आणि खर्चाचीच मुख्य काळजी असेल तर दोन्ही जीटी३ बाजूला ठेवून एकदा हलक्या गाडीकडे बघा. टोयोटाचं इंजिन असलेली, २०२१ मध्ये बंद झालेली लोटस एक्सिज किंवा एखादी केटरहॅम टायर आणि ब्रेक इतके कमी खाते की एका हंगामाच्या खर्चात मोठा फरक पडतो, आणि चालवणाऱ्यांची मागणी असल्यामुळे त्यांच्या किमतीही बऱ्यापैकी टिकतात.

दुसरी गाडी घ्यायचं ठरलं, तर भाव करताना जाहिरातींतले भाव पुढे करू नका. ते मागितलेले असतात, मिळालेले नसतात. सार्वजनिक लिलावांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या सारख्या गाड्यांचे आकडे जमवा, आणि राखीव किमतीला न पोहोचल्यामुळे परत गेलेल्या गाड्यांवरची शेवटची बोलीही टिपून ठेवा. तोच खरा बाजार. मालकाला ट्रॅकवरच्या दिवसांची यादी, तेल बदलल्याची बिलं आणि ब्रेक ऑइलच्या तारखा मागा. जो मालक न विचारता 'या कोपऱ्यात एकदा खडीत गेलो होतो, हा फोटो, हे बिल' असं सांगतो, त्याच्याशी शेवटच्या पैशापर्यंत घासाघीस करू नका. त्या फाइलची किंमत तुम्हाला विकताना परत मिळेल, आणि पहिल्याच ट्रॅक-डेपासून तुम्हीही तीत पानं जोडायला लागा. ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट तुमच्या निवडीच्या गॅरेजमधून, तुमच्या समोर काढलेला असावा. तो हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.